आडवं पडलेलं घर

त्या दिवशी सकाळपासून माझे पाय एका जागी ठरत नव्हते. नव्या वस्तीतलं सिमेंटचं घर अखेर आमच्या नावावर झालं होतं आणि आज आम्ही तिथं जाणार होतो. दोन खोल्या, पत्र्याची टाकी, आणि दाराला आतून कडी. ती कडी मी तीनदा जाऊन लावून पाहिली होती. नवरा हसला. "रीफा, लोक सोनं बघायला जातात, तू कडी बघायला जातेस."

त्याला काय कळणार? तो दिवसभर परदेशी पाहुण्यांना जीपमधून डोंगर दाखवत फिरतो. शेळीच्या केसांनी विणलेल्या तंबूत, आमच्या केसांच्या घरात, दिवस काढते ती मी. समोरची बाजू सताड उघडी. वारा येतो, धूळ येते, शेळी येते, चुलत-सासऱ्यांचे पाहुणे येतात, आणि कुणालाही नाही म्हणायची सोय नाही. मला धड रागावताही येत नाही. सकाळी मी भांडं आपटलं, की दुपारपर्यंत सगळ्या भावकीत बातमी, सत्तामच्या बायकोचं डोकं फिरलंय. लग्न होऊन आले तेव्हापासून मला एकच हवं होतं. दार लावून, आतून कडी घालून, मनसोक्त रडायचं.

सत्ताम पहिली खेप घेऊन वस्तीवर गेला होता. गाद्या, पेटी, गॅस, कॉफीच्या किटल्या आणि सामानाच्या वर बसून आमची तिन्ही पोरं. दुसऱ्या खेपेला तंबू न्यायचा, म्हणजे गुंडाळून शेळ्यांच्या गोठ्यावर टाकायचा, असं ठरलं होतं. माझ्या सासूबाई, तुर्फा आत्याबाई, दुखरा गुडघा लांब करून दगडावर बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी मौन धरलं होतं. आत्याबाईंचं मौन म्हणजे त्यांच्या बोलण्यापेक्षा मोठा आवाज.

मी एकेक बाजूचा खांब काढला आणि शेवटी मधल्या खांबाला लाथ घातली. खांब कलंडला, छत धापकन खाली आलं आणि आम्हा दोघींच्या तोंडावर धुळीचा लोट बसला. मग मी फिरून दोऱ्या खुंट्यांवरून सोडल्या.

"पडला एकदाचा केसांचा ढिगारा," मी म्हणाले.

आत्याबाईंचं मौन सुटलं. "ढिगारा तुझ्या बापाच्या दारात असेल. ते झोपलंय."

"झोपू दे. कायमचं झोपू दे."

"यातली एकेक पट्टी मी कातली, विणली, शिवली. दर वर्षी दोन जुन्या काढल्या, दोन नव्या घातल्या. तुझा नवरा याच्याखाली जन्मला."

"म्हणून तर त्याला दार लावायची सवय नाही."

हसू दाबताना आत्याबाईंनी ओढणीचं टोक तोंडावर घेतलं. आमचं भांडण असंच असतं. मनापासून भांडतो, आणि मधेच कुणीतरी हसतं.

"त्या दिवशी सत्तामने काय सांगितलं?" त्या म्हणाल्या. "त्या गोऱ्या म्हाताऱ्या पाहुणीने त्याला काय शिकवलं?"

ते मलाही आठवत होतं. सत्तामने मोठ्या ऐटीत येऊन सांगितलं होतं, की इंग्रज लोक याला टेंट म्हणतात आणि तो शब्द फार जुन्या एका शब्दावरून आलाय, त्याचा अर्थ ताणणं. ताणलेलं ते टेंट. आमच्या भाषेत घराला, तंबूला आणि कवितेच्या ओळीलाही एकच शब्द आहे, हे सत्तामने त्या बाईला सांगितलं तेव्हा तिने म्हणे ते वहीत लिहून घेतलं.

"ताणलं की घर," आत्याबाई म्हणाल्या. "एवढं कळायला त्यांना पुस्तकं लागली. मी त्याला म्हटलं, तिला विचार, त्यांच्याकडे दोरी बायका ताणतात की पुस्तकं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने एक माणूस पळत येताना दिसला. पळत म्हणजे काय, लोळतच म्हणा. पोट सुटलेला, चाळिशी उलटलेला, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी. तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. आमच्याकडे बघितलंही नाही त्याने. तंबूच्या कडेला आला, खाली बसला, कापड उचललं आणि सरपटत आत गेला. बघता बघता काळ्या कापडाच्या मधोमध एक मोठा उंचवटा झाला आणि वरखाली व्हायला लागला.

"मी तुमच्या घरात आहे," कापडाखालून आवाज आला. "अल्लाच्या आणि तुमच्या आसऱ्याला आहे."

"कोण तू?" आत्याबाईंनी विचारलं.

"ध्याब. ओढ्यापलीकडच्या वस्तीचा. टँकरवर पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं. मी नायिफच्या डोक्यात लोखंडी कांब घातली. मारायची नव्हती, देवाशपथ. तो इस्पितळात आहे. त्याचा भाऊ माझ्या मागावर आहे. ओढ्यात माझी गाडी बंद पडली."

"मग तू नव्या वस्तीत का नाही गेलास?" मी विचारलं. "घरं आहेत की तिथं."

"गेलो. दोन दारं ठोठावली. आतून कड्या लावल्या. मी आवाज ऐकला."

हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. पण खोटं कशाला बोलू? मला वाटलं, शहाणी माणसं.

आमच्याकडे रीत अशी, की पाठलाग होत असलेला माणूस कुणाच्या घरात शिरला, खांबाला किंवा दोरीला त्याचा हात लागला, की तो त्या घराचा. त्याने काय केलं ते मग म्हातारे बसून ठरवतील. पण रक्त उकळतंय तोवर त्याला हात लावायचा नाही. लावला, तर लावणाऱ्याच्या तोंडाला काळं, आणि लावू देणाऱ्या घराच्याही. तो आत असेपर्यंत ते घर जागचं हलत नाही. तडजोड व्हायला कधी महिना लागतो, कधी वर्ष. कधी तर भिजत घोंगडं होऊन बसतं.

हे सगळं माझ्या डोक्यातून एका दमात गेलं. दोन खोल्या गेल्या, टाकी गेली, कडी गेली.

"आत्याबाई, घर कुठंय? आपण घर मोडलंय. याला सांगा, इथं घर नाही."

"मोडलं नाही. आडवं केलंय."

"लोक काय म्हणतील, चिंध्यांखाली..."

"तू आधी माझी काठी दे," आत्याबाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. त्यांचा गुडघा कटकन वाजला. मी काठी दिली आणि ओढ्याकडे बघत राहिले. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि खरं सांगायचं तर त्या जाड्या माणसासाठी नव्हे.

मुतलकची गाडी धूळ उडवत आली. मुतलक म्हणजे नायिफचा थोरला भाऊ. त्याला सगळे ओळखत. शांत माणूस, कमी बोलणारा, लग्नात कॉफी वाटताना त्याच्या हातून थेंब सांडत नसे. त्याच्यासोबत चुलतभाऊ इनाद होता. हा उलटा, उचलली जीभ लावली टाळ्याला. मुतलकने गाडी लांब थांबवली, तंबूच्या समोरच्या बाजूला, पाहुणा थांबवतो तिथंच. खाली उतरला, खाकरला आणि मोठ्याने हाक घातली.

"घरच्यांनो! पुरुष माणूस आहे का?"

"नाही," आत्याबाई ओरडल्या. "पण घर आहे. बोल."

दोघं चालत आले. मुतलकच्या कमरेला पिस्तूल होतं. त्याचे डोळे लाल होते आणि शर्टावर कुणाचं तरी वाळलेलं रक्त होतं, बहुतेक भावाचंच. कापडाखालचा उंचवटा आता हलत नव्हता. ध्याबने श्वास कोंडून धरला होता, पण तेवढं पोट लपणार कुठं.

मुतलक पसरलेल्या कापडाच्या कडेशी आला. उंचवटा त्याच्या अगदी समोर होता. कापडावरून सरळ चालत गेला असता तर हात घालून ओढता आलं असतं. पण तो वळला. आमच्या बायकांच्या भागाचा पडदा जिथं असतो तिथपर्यंत आला, मान खाली घातली, आणि त्या भागाला लांबून वळसा घालून मागच्या बाजूने आमच्याजवळ येऊन उभा राहिला. तेव्हा ते माझ्या नीट लक्षातही आलं नाही. असंच तर सगळे येतात.

"मावशी," तो आत्याबाईंना म्हणाला, "माझं तुमच्याशी वैर नाही. हा माणूस बाहेर पाठवा."

"माझ्या घरात आलाय तो."

"घर कुठंय, मावशी?"

"पायाशी बघ."

इनाद हसला. "म्हातारीला ऊन लागलंय. आणि बायकांनी दिलेला आसरा धरतं कोण?"

"हे घर बायकांचंच आहे," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या बापाचंही घर तुझ्या आईने विणलं होतं. विचार तिला, कुणाचं म्हणून."

मुतलकने हात वर करून इनादला गप्प केलं. तो आवाज न चढवता बोलला, आणि तेच वाईट होतं. "खांब नाही. एकही दोरी ताणलेली नाही. मी रीत मोडणारा माणूस नाही, मावशी. पण हे घर नाही. केसांचा ढिगारा आहे. ढिगाऱ्याखाली उंदीर शिरला, तर तो काढायला कुणाला विचारावं लागत नाही."

माझ्या जिभेवर शब्द तयार होते. घेऊन जा बाबा, आणि आम्हाला आमच्या वाटेने जाऊ दे. शपथेवर सांगते, ओठापर्यंत आले होते. पण त्याने ढिगारा म्हटलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द माझेच होते. मघाशी मीच उच्चारले होते. पण मी उच्चारले म्हणून काय याने उच्चारायचे? मी त्या कापडाला नावं ठेवते कारण त्याच्याखाली मी तीन बाळंतपणं काढली, पावसाळी रात्री त्याच्या दोऱ्या धरून बसले, माझ्या हाताला त्याच्या केसांचे घट्टे आहेत. याला कुणी हक्क दिला?

"ढिगारा आहे ना?" मी म्हणाले. "मग गाडी तिकडे लांब का थांबवलीस?"

मुतलकने माझ्याकडे पाहिलं नाही. परक्या बाईकडे बघत नाही तो. "काय?"

"ढिगाऱ्याजवळ गाडी आणायला काय हरकत होती? हाक कुणाला मारलीस? ढिगाऱ्याला? आणि आता इथं आलास तो कुठून आलास? समोरून सरळ चालून का नाही आलास कापडावरून? तो तुझ्या नाकासमोर होता. मान खाली घालून माझ्या भागाला वळसा कशाला घातलास? तिथं पडदा नाही, चूल नाही, मीही नाही. कुणाची अब्रू राखत होतास?"

मुतलकने मागं वळून बघितलं. वाळूत त्याच्याच पावलांचे ठसे होते. कडेपर्यंत सरळ, मग बाजूला, मग लांबून गोल. तो ते बघत राहिला. त्याचं डोकं घर नाही म्हणत होतं, पण पायांनी आधीच कबुली दिली होती.

"नसत्या गप्पा," इनाद म्हणाला. "मी काढतो त्याला." तो कापडाजवळ गेला आणि त्याने पाय उचलला.

"ठेव," आत्याबाई म्हणाल्या. "ठेव ना पाय. थांबलास का?"

इनादचा पाय अधांतरी होता. तो एका पायावर उभा, बगळ्यासारखा. त्याने एकदा मुतलककडे बघितलं, एकदा कापडाकडे, आणि पाय मागं घेतला. मग उगीच चपलेतली वाळू झटकली.

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मुतलकचा चेहरा बघून मला भीती वाटली, कारण त्या चेहऱ्यावर राग नव्हता, काय करावं ते कळत नसल्याची घुसमट होती. त्याचा भाऊ तिकडे मरणाशी झुंजतोय आणि हा इथं दोन बायकांसमोर उभा.

"उभं करा," तो अचानक म्हणाला.

"काय?"

"घर आहे म्हणता ना? मग उभं करा. आत्ता. उद्या लोक म्हणतील, मुतलक चिंध्यांना भिऊन परत आला. मला सांगता आलं पाहिजे, की तिथं घर होतं."

"माझा गुडघा बघ," आत्याबाई म्हणाल्या. "ही एकटी आहे. दुपारचा वारा सुटलाय. कोण ताणणार?"

मुतलकने बाह्या वर केल्या.

असं घर उभारताना मी कधी पाहिलं नाही, आणि पुढे पाहीन असं वाटत नाही. मी खुंट्या ठोकत होते. मुतलक दोऱ्या ओढत होता. इनाद तोंडाने बडबडत आणि हाताने खांब पोचवत होता. कापडाखालून मधला खांब उचलायला मात्र आत कुणीतरी हवं, आणि आत एकच जण होता.

"ध्याब!" मी ओरडले. "पोटाखाली खांब सरकवलाय. उचल."

"ते आहेत का अजून?" आतून आवाज आला.

"आहेत. त्यांनीच सांगितलंय. उचल!"

कापड वर गेलं, डगमगलं, पुन्हा खाली आलं. "डावीकडे घे," मुतलक बाहेरून ओरडला. सवयीने ओरडला, जसं कुणीही ओरडतं. "डावीकडे!" आतला माणूस डावीकडे गेला. खांब उभा राहिला आणि छताच्या पोटात हवा भरली. मारायला आलेला बाहेरून ओढत होता, मरायच्या भीतीने लपलेला आतून रेटत होता, आणि मी दोघांवर ओरडत होते. सत्तामवर सुद्धा मी एवढी ओरडत नाही.

शेवटची दोरी राहिली. समोरच्या बाजूची, सगळं घर जिच्यावर तोललेलं असतं ती. मुतलकने ती मनगटाला गुंडाळली आणि मागं रेटा दिला. समोरची बाजू वर उचलली गेली आणि सावलीत, खांबाला मिठी मारून उभा असलेला ध्याब पहिल्यांदा आम्हा सगळ्यांना दिसला. त्याच्या केसांना काळे धागे चिकटले होते.

तेवढ्यात मुतलकचा फोन वाजला.

त्याने एका हाताने दोरी धरली, दुसऱ्याने फोन कानाला लावला. "हो," तो म्हणाला. मग नुसता ऐकत राहिला. "हो, आई." मग त्याने फोन खिशात ठेवला. त्याला खिसा लवकर सापडला नाही.

"काय म्हणते?" इनादने विचारलं.

"नायिफ गेला."

ध्याबच्या तोंडून एक बारीक आवाज आला. खांब थरथरला आणि त्याबरोबर सगळं छत. मला वाटलं, आता खाली येणार. दोरी मुतलकच्या हातात होती. त्याने नुसती सोडली असती, तर समोरची बाजू कोसळली असती आणि मग कोण म्हणणार होतं, की घर होतं? इनाद कमरेच्या खंजिरावर हात ठेवून एक पाऊल पुढे आला. मुतलक भावाला गमावून बसला होता, आणि मी त्याला काय सांगणार होते, वळसा का घातलास?

"मुतलक, बाळा," आत्याबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

मुतलक ध्याबकडे बघत होता. ध्याबने डोळे मिटले. दोरी ताठ होती आणि मुतलकच्या मनगटावर तिचा वळ उठत होता. वाऱ्याचा झोत आला, छत फुगलं, त्याने पाय रोवून ते धरलं. मग तो खाली वाकला, खुंटीला दोरी बांधली, दगड उचलला आणि खुंटी ठोकायला लागला. ठोकत राहिला. खुंटी कधीच पक्की झाली होती, तरी तो ठोकत होता, आणि रडत होता, मोठ्याने, जसं मला कडी लावून रडायचं होतं तसं, उघड्यावर, चार माणसांसमोर.

दगड फुटला तेव्हा तो थांबला.

"त्याला सांगा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "या दोरीच्या बाहेर पाऊल टाकू नको म्हणावं."

"नाही टाकणार," मी म्हणाले. "मी बघेन."

तो गाडीकडे निघाला. जातानाही बायकांच्या भागाला वळसा घालून गेला. इनाद त्याच्या मागं, प्रथमच गप्प. गाडी गेली आणि ध्याब खांबाशी घसरून खाली बसला. आत्याबाईंनी त्याला पाणी दिलं. ते त्याला पिता येईना. मी मात्र आत जाऊ शकले नाही. मी त्या समोरच्या दोरीला हात लावून बघितला. ती इतकी घट्ट होती, की बोट मारलं तर वाजत होती. मला बांधता आली नसती तशी.

ओढ्याकडून सत्तामचा हॉर्न ऐकू आला. रिकामी गाडी घेऊन तो दुसऱ्या खेपेला आला होता. उभं घर बघून त्याने करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"अगं, हे काय? अजून काढलं नाहीस? मी तिकडे दार उघडं टाकून आलोय!"

मी त्याच्याकडे गेले. त्या सिमेंटच्या घराचं दार माझ्या डोळ्यांसमोर होतं. सत्तामने उघडं टाकलेलं, आणि त्याच्या आतल्या बाजूला माझी नवीकोरी कडी. एकदा तरी ती लावून बसायला मिळायला हवं होतं, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

"गाडी वळव," मी म्हणाले. "पोरं आण, सामान आण. आधी कॉफीच्या किटल्या आण, घरात पाहुणा आहे."